प्रगत भागातून आलेलं स्थळ

हैदराबादला जाऊन आलो म्हटलं की आमच्या गावात माणसं दोनच गोष्टी विचारतात: बिर्याणी खाल्ली का आणि चारमिनार पाहिला का. मी दोन्हीही केलं नाही. बिर्याणी मला पचत नाही, आणि चारमिनार ‘उद्या जाऊ’ म्हणता म्हणता राहून गेला. त्यामुळे ज्यांना त्या दोन गोष्टींबद्दल वाचायचं असेल त्यांनी माझ्या नादी लागू नये. मी गेलो होतो मुलीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी करायला.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तीस वर्षं भूगोल शिकवला. आशिया खंड हा माझा हातखंडा धडा. खंडाचा एक भाग पुढे का जातो आणि दुसरा मागे का राहतो, याची पुस्तकात कारणं असत: बंदर, रेल्वे, पाणी, खनिजं. त्यात मी माझं एक कारण घालत असे, राजधानी. राजधानी असते तिथे नळ आधी येतो, दिवा आधी लागतो, दवाखाना आधी उघडतो. याचा दाखला द्यायला मला जपानपर्यंत जावं लागत नसे. आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि हैदराबाद आमची राजधानी होती. भाषावार प्रांत झाले तेव्हा आम्ही इकडे आलो आणि राजधानी तिकडे राहिली. वाटणीत गाडी त्यांच्याकडे गेली आणि जू आमच्याकडे आलं, असं मी पोरांना सांगत असे. पोरं हसायची, मी हसत नसे.

अशा माणसाला फेब्रुवारीत थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्काचा, हैदराबादहून फोन आला. विद्यानगरात एक घर आहे, आपलेच बौद्ध, मूळचे देगलूरकडचे. वडील विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, घर स्वतःचं, मुलगा कॉम्प्युटर कंपनीत. त्यांनी आपल्या प्रज्ञाला मागणी घातली आहे, देण्याघेण्याचं नाव नाही.

मी तिथेच सावध झालो. माणसं मागासलेल्या भागाकडून पुढारलेल्या भागाकडे जातात, हे मी तीस वर्षं शिकवलं. पुढारलेल्या भागातला माणूस उठून मागासलेल्या भागात मुलगी मागायला येतो, तेव्हा त्याच्या घरात काहीतरी खोट असते. हैदराबादेत मुली नाहीत का? घर स्वतःचं, पगार चांगला, आणि काही नको म्हणतात? बायकोला, सुमनला, मी हे सगळं समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, मग जाऊन बघून या.

गोदावरीच्या पलीकडे

गाडी सकाळची होती. मार्च लागला होता. नांदेड सोडेपर्यंत दोन्हीकडे काळं रान उघडं पडलेलं, ज्वारी निघालेली, कापसाच्या पराट्या उभ्या. बासरजवळ गोदावरी ओलांडली आणि चित्र बदललं. ताडाची झाडं, एकावर एक रचून ठेवल्यासारखे दगडांचे ढीग आणि त्यांच्यामधे हिरवंगार भात. मार्चमध्ये भात. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नदी तीच, आधी आमच्याकडून जाते आणि मग यांच्याकडे येते. येताना आमच्याकडे ती काय करते, हा प्रश्न मी निझामाबादपर्यंत स्वतःला विचारत राहिलो.

समोरच्या बाकावर एक तेलुगू बाई होत्या. त्यांनी डबा उघडून तांदळाच्या कुरकुरीत कड्या पुढे केल्या. प्रवासात अनोळखी माणसाकडून खाऊ नये, अशी सूचना मी स्टेशनांवर पाट्या लागायच्या आधीपासून पाळत आलो आहे. मी हात जोडले. बाईंनी सगळ्या कड्या एकट्यांनी संपवल्या आणि कामारेड्डीपर्यंत गाढ झोपल्या. माझा संशय खरा होता असं क्षणभर वाटलं, पण त्या नंतर ताज्यातवान्या उठल्या.

चिक्कडपल्ली

अक्काचं घर चिक्कडपल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते. सरकारी नोकरीच्या परीक्षांचे क्लास, झेरॉक्सची दुकानं, तासावर बसायला मिळणाऱ्या अभ्यासिका, आणि पाठीला पिशव्या लावलेली शेकडो मुलंमुली. मागच्या वर्षी बँकेच्या परीक्षेसाठी प्रज्ञा इथेच तीन महिने राहून गेली होती. मीच आणून सोडली होती. परीक्षा थोडक्यात हुकली. परत आल्यापासून ती गावातल्या खाजगी शाळेत शिकवते आणि फारसं बोलत नाही. अभ्यासाचा शीण असेल, असं मी समजत होतो.

अक्काने ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, खट्टी दाळ आणि अंबाडी. तिला ती आता गोंगुरा म्हणते. आमच्याकडे अंबाडी कण्या घालून शिजवतात, वर लसणाची फोडणी, आणि ती बांधावर फुकट मिळते. इथे तिचं लोणचं घालतात, बरणीवर कागद चिकटवतात आणि दुकानात मांडतात. तीच पालेभाजी, राजधानीत आली आणि बरणीत बसली. मी हे अक्काला ऐकवलं. ती म्हणाली, जेव गुपचूप.

अक्का पस्तीस वर्षांत अर्धी हैदराबादी झाली आहे. मी मुलाबद्दल विचारायला लागलो की तिला कपडे वाळत घालायची आठवण येई. कंपनी कोणती, पगार किती, आधी कुठे सोयरीक मोडली होती का, एकाचंही सरळ उत्तर नाही. शेवटी ती वैतागली.

“आल्या आल्या शक कायकू घेतोस रे उत्तम? पहले चाय पी. परवा जाऊ, समोरासमोर बघ की.”

“समोरासमोर कुणी खरं सांगतं का, अक्का?”

भाऊजींनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं. आबिड्सच्या टपालकचेरीत त्यांनी नोकरी केली, त्यामुळे दुसऱ्याचं बंद पाकीट न उघडण्याची शिस्त त्यांच्या अंगात आहे. त्या दोघांना काहीतरी माहीत होतं. मी ठरवलं की परवाची वाट बघायची नाही.

विद्यानगर, शनिवार

आमच्याकडे स्थळ बघायला जाण्याआधी एक गुपचूप फेरी होते. नात्यातला कुणी तरी त्या गल्लीत जातो आणि पिठाच्या गिरणीवर, किराणा दुकानात सहज म्हणून विषय काढतो. चहा निवायच्या आत तीन पिढ्यांची माहिती हातात येते. माझ्या दोन्ही बहिणींची लग्नं अशाच फेऱ्यांवर ठरली. मी अक्काला फिरून येतो म्हणून सांगितलं आणि विद्यानगरला गेलो.

पण हैदराबादेत ही पद्धत चालत नाही. गिरणी सापडली नाही, लोक तयार पिठाच्या पिशव्या आणतात. किराणावाला फोनमधून मान वर काढेना. दोन मुलं स्कूटरवरून सामानाच्या पिशव्या दारोदार टाकून गेली, कुणाच्या घरात कोण आहे हे न बघता. एका इमारतीच्या वॉचमनने मला किससे मिलना है म्हणून दोनदा हटकलं. ज्या गावात शेजाऱ्याला शेजारी माहीत नाही, तिथे प्रगती झाली असेल, पण मुलीच्या बापाने करायचं काय?

शेवटी कडुलिंबाखाली इस्त्रीचा गाडा दिसला. इस्त्रीवाला कोळसे फुंकत होता आणि बायकोशी मराठीत बोलत होता. मला बरं वाटलं. नागोराव त्याचं नाव, मुखेडकडचा. गाव का सोडलं म्हणून विचारलं, तर त्याला माझा प्रश्नच अडाणी वाटला.

“गावात इस्त्री कोण करून घेतंय, सर? लगनात, न्हाईतर विलेक्शनला. हितं रोज लागतंय.”

मी नोकरीत असतो तर पुस्तकातलं दरडोई उत्पन्न खोडून तिथे आठवड्याला किती शर्टांना इस्त्री होते ते लिहायला लावलं असतं. नागोराव म्हणाला की आता इथेही कमी झालं आहे, निम्मी पोरं अर्ध्या चड्डीत घरूनच कंपनी चालवतात. मी विषय हळूच त्या घरावर आणला. आधी त्या घरचे आठवड्याला पाच-सहा शर्ट यायचे, म्हणाला. दिवाळीपासून एकही नाही. पोरगा दिवसभर घरीच दिसतो.

सापडलं. नोकरी गेलेली आहे आणि लपवली आहे. म्हणून लांबच्या गावची मुलगी, म्हणून देणंघेणं नाही. माझ्या अंगात एकदम उत्साह आला, हे मी कबूल करतो. चोर सापडल्यावर पोलिसाला येत असेल तसा.

तेवढ्यात नागोरावने विचारलं, तुम्ही पाहुणे कोण? मी तोंडाला येईल ते बोललो: भाड्याने खोली बघतोय. नागोराव खूश झाला. त्याच घराच्या गच्चीवरची खोली गेल्या महिन्यात रिकामी झाली आहे, चला दाखवतो, असं म्हणून त्याने इस्त्री बायकोच्या हातात दिली आणि मी नको नको म्हणेपर्यंत मला फाटकापाशी नेऊन उभं केलं. हाक मारून तो परत गेला.

दार उघडलं ते मुलाच्या वडिलांनी, गौतमरावांनी. साठी ओलांडलेले, सडपातळ, लुंगी आणि पांढरा सदरा. ते माझ्याकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ. मग नाव विचारलं.

“पाटील,” मी म्हणालो.

हे नाव कुठून आलं ते सांगायला हवं. बी.एड.ला औरंगाबादला होतो तेव्हा मी खोलीसाठी वणवण केली. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. शेवटी एका घरी मी पाटील म्हणून सांगितलं आणि खोली मिळाली. त्या खोलीत मी वर्ष काढलं, एकाही मित्राला कधी बोलावलं नाही, घरून आलेलं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर घेतलं. त्यानंतर चाळीस वर्षांत मला खोली शोधावी लागली नव्हती. पण एक माणूस दारात उभा राहून खोलीसाठी नाव विचारतोय म्हटल्यावर जीभ आपोआप तिकडे गेली. ज्याच्या दारात मी उभा होतो तो माझाच माणूस आहे हे मला माहीत होतं, तरी.

गौतमराव शांतपणे म्हणाले, “पाटील, आम्ही बौद्ध आहोत. तुम्हाला चालेल ना?”

मी खाली त्यांच्या पायरीकडे बघत चालेल म्हणालो. हा प्रश्न घरमालकाने भाडेकरूला विचारावा लागतो, तोही स्वतःच्या मालकीच्या घराच्या दारात, आणि तो विचारायची वेळ मी आणली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण ते जिना चढायला लागले होते.

खोली लहान होती, स्वच्छ. पूर्वेला खिडकी, खिडकीखाली टेबल, वर नवी ट्यूब. गच्चीवर वेगळा नळ. लाज वाटत असतानाही चौकशीची सवय सुटेना, मी विचारत गेलो. पाणी किती दिवसांनी येतं? एक दिवसाआड, पण टाकी मोठी आहे. आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतं, हे मी बोललो नाही. वीज? जात नाही. दवाखाना? चालत दहा मिनिटं. गौतमराव न विचारलेलंही सांगत होते. बसथांबा कोपऱ्यावर आहे, रस्त्याला दिवे आहेत, बाईमाणूस एकटं ये-जा करू शकतं. कितीही वेळ दिवा चालू ठेवा, कुणी काही म्हणणार नाही. भाडं विचारलं तर ते म्हणाले, नंतर बघू.

साठी ओलांडलेल्या पुरुष भाडेकरूला बाईमाणसाच्या ये-जा करण्याबद्दल का सांगतात? भाडं न सांगणारा घरमालक मी जन्मात पाहिला नव्हता. माणूस एवढा गोड बोलतो म्हणजे त्याला घाई आहे. मनात सगळी नोंद करून घेतली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो की तुमचं हैदराबाद फार पुढे गेलं.

गौतमराव खिडकीपाशी उभे होते. “पश्चिमेला काचेच्या इमारती आहेत, तिथे जायला बसने दीड-दोन तास लागतात,” ते म्हणाले. “ते हैदराबाद पुढे गेलं. आम्ही त्याच्या जवळ राहतो, एवढंच.”

आबिड्स

रविवारी सकाळी भाऊजी मला आबिड्सला घेऊन गेले. रविवारी तिथली दुकानं बंद असतात आणि फूटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात. एका ढिगात मला शाळेचा जुना नकाशासंग्रह मिळाला, उर्दू अक्षरांचा. त्यात आशिया खंडाच्या पानामागे हैदराबाद संस्थानाचा नकाशा होता. परभणी, नांदेड, बीड, वरंगल, हैदराबाद, सगळं एकाच फिक्या पिवळ्या रंगात. मी बराच वेळ ते पान धरून उभा राहिलो. एका रंगात रंगवलं म्हणून एका घरात नळ आणि दुसऱ्यात रांजण हे चुकत नाही. नकाशे काढणाऱ्यांवर मी तेव्हापासून विश्वास ठेवायचा कमी केला आहे.

भाऊजी सहज बोलून गेले की प्रज्ञाही पुस्तकं इथूनच घ्यायची, तो तिला बरोबर ढीग दाखवायचा. एवढं बोलून ते थांबले आणि त्यांना खोकला आला.

“तो कोण?” मी विचारलं.

भाऊजी म्हणाले, पुस्तकवाला. मग त्यांनी मला इराण्याकडे नेलं, दाट चहा पाजला, बिस्किटं घ्यायला लावली आणि घरी पोहोचेपर्यंत तोंड उघडलं नाही.

विद्यानगर, रविवार

दुपारी मी आणि अक्का निघालो. मी मनात तयारी केली होती: ते मला ओळखतील, ‘पाटील’ म्हणतील, मग मी लगेच नोकरीचं काढायचं. त्यांचं खोटं माझ्या खोट्यापेक्षा मोठं होतं.

गौतमरावांनी दार उघडलं आणि हात जोडले. “या सर. जयभीम.”

जणू पहिल्यांदाच बघत होते. मीही जयभीम म्हणालो. आत त्यांच्या पत्नी शोभाताई आणि मुलगा निखिल. निखिल उंच, काळासावळा, अंगात बिनइस्त्रीचा शर्ट. तेही मी टिपलं. शोभाताईंनी भजी आणली. घरात आपल्या गावाकडचं मराठी बोलणारं माणूस आलं की किती बरं वाटतं, पोराला तर मराठी पाटीसुद्धा अडखळत वाचावी लागते, असं त्या सांगत होत्या. मी ऐकत नव्हतो.

भजी संपायच्या आत मी निखिलला नोकरीबद्दल विचारलं. मला वाटलं तो चाचरेल.

“जॉब गेला, सर,” तो म्हणाला. “दिवाळीच्या टायमाला. आमची पूर्ण टीमच काढली. आता संध्याकाळी चिक्कडपल्लीला क्लासमध्ये मॅथ्स शिकवतो. पगार कमी आहे. दुसरा बघायलोय.”

इतक्या सरळ उत्तराची तयारी मी केली नव्हती. मी आवाज चढवला. मग कॉम्प्युटर कंपनीत आहे असं का सांगितलंत? माझ्या मुलीला फसवून आणणार होता का?

निखिल अक्काकडे बघत होता. अक्काने पदर सारखा केला.

“कंपनीचं मी बोलले, त्यांनी नाही. प्रज्ञाला सगळं माहीत आहे, उत्तम. त्याचा जॉब गेला त्या दिवशीच तिला माहीत.”

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. मागच्या वर्षी चिक्कडपल्लीच्या अभ्यासिकेत दोघं शेजारी बसत. तोही नोकरी सांभाळून परीक्षा देत होता, तिला गणित समजावून द्यायचा. वर्षभर फोन चालू होते. जानेवारीत प्रज्ञाने अक्काला सांगितलं की मला या मुलाशी लग्न करायचं आहे, पण मागणी तिकडून आली असं बाबांना सांग. इकडून गेली म्हटलं तर ते ऐकूनच घेणार नाहीत.

“सुमनला?” मी विचारलं.

“तिला तर माझ्याही आधी,” अक्का म्हणाली.

मी हैदराबादभर खोट शोधत फिरलो, आणि पहिली गोष्टच चुकीची धरून बसलो होतो. पुढारलेल्या भागातून कुणी मागायला आलं नव्हतं. माझ्याच घरातून निघालेली गोष्ट फिरून माझ्याकडे आली होती, आणि माझ्या घरातल्या दोघींनी मला समोर बसवून बनवलं होतं. मला भयंकर राग आला. त्याहून जास्त लाज वाटली, कारण मी कसा वागेन हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

गौतमराव उठले. “सर, जरा वर येता?”

आम्ही पुन्हा तो जिना चढलो. त्या खोलीत गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि म्हणाले की काल तुम्हाला फाटकात बघितलं तेव्हाच ओळखलं, प्रज्ञाने फोटो दाखवला होता.

“मग मला खोली का दाखवलीत?”

“भाडेकरूला दाखवलीच नाही. ही खोली भाड्याने द्यायचीच नाही. प्रज्ञाला पुन्हा परीक्षेला बसायचंय, तिच्या अभ्यासासाठी रिकामी केली. नागोरावला कुठलं माहीत. म्हटलं, मुलीचा बाप आपणहून आलाय, त्याला नीट बघू दे.”

नळ, रस्त्यावरचे दिवे, दवाखाना, टेबल. काल ते सगळं मला, प्रज्ञाच्या बापाला, सांगत होते. मी त्या टेबलावर हात टेकून उभा राहिलो. त्या दुसऱ्या नावाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. शेवटी मीच विचारलं, खाली घरात कुणाला सांगितलंत का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पोराला कळायला नको, म्हणाले. त्याला वाटेल की होणाऱ्या सासऱ्याला आपल्या आडनावाची लाज वाटते.

ते मी तसंच राहू दिलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. पण त्या माणसाने मला वाचवायला स्वतःच्या घरात गप्प राहावं, हे मला सोसेना. खाली आलो आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. काल मी इथे येऊन गेलो, चोरून, आणि नाव विचारल्यावर पाटील म्हणून सांगितलं. औरंगाबादची गोष्टही सांगितली. अक्काने कपाळाला हात लावला. ती माझी सख्खी बहीण, पण त्या वर्षाबद्दल मी तिलाही कधी बोललो नव्हतो.

शोभाताईंनी माझ्यापुढचा निवलेला चहा उचलला आणि दुसरा आणायला गेल्या. निखिल खाली बघत होता.

“क्लासमध्ये सगळे मला निखिल सर म्हणतात,” तो म्हणाला. “बोर्डावर पण तेवढंच आहे. पुढचं आडनाव कुणी लिहिलं नाही, मी पण लिवा म्हटलं नाही.”

तो माझ्यापेक्षा पस्तीस वर्षांनी लहान आहे, आणि मी ज्याला प्रगत भाग म्हणत आलो त्या भागात वाढला आहे. त्याच्याकडे बघताना मला पहिल्यांदाच त्याचा संशय आला नाही. आता काय बोलावं ते कळेना, म्हणून मी फोन काढला आणि प्रज्ञाला लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पुन्हा काही लपवाछपवी नको होती.

मी निखिलच्या घरी बसलोय, तोही समोर आहे, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला कळलं का?”

“कळलं. मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नाहीत. आत्याला विचारलं, तिथल्या लोकांना विचारलं असेल, मला नाही विचारलं.”

“आता विचारतो,” मी म्हणालो. “तुला या मुलासाठी इथे यायचंय का?”

समोर निखिल बसला आहे हे तिला माहीत होतं. तरी तिने आडपडदा ठेवला नाही.

“तो मला आवडतो. पण तो नसता तरी मी निघालेच असते, बाबा. मला तिथे आपल्या गावात राहून तुमच्यासारखं तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रगतीबद्दल शिकवायचं नाहीये. हे मी त्यालाही सांगितलंय.”

निखिलने मान डोलावली. शोभाताई चहा घेऊन दारात थांबल्या होत्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, ही त्यांची भलाई. माझी मुलगी वर्षभर माझ्यासमोर बसून जेवत होती आणि मनाने कधीच निघून गेली होती, आणि मी तिच्या ताटात वाढत विचारत होतो की अभ्यास कसा चाललाय. रडू येतं की काय असं वाटलं.

“बाबा, ऐकताय ना?”

“ऐकतोय,” मी म्हणालो. “मग ये.”